सोमाली आजोबांचे दूध बंद करावे का?

वाचकाचे पत्र

‘मी मूळची सांगलीची. अमेरिकेत मिनियापोलिस येथील एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आमच्याकडे सोमाली कुटुंबे मोठ्या संख्येने येतात. अलीकडे एक मुलगी आपल्या सत्तरीतल्या वडिलांना घेऊन आली. त्यांचे सारे तारुण्य उंटांच्या कळपामागे गेले. पुढे यादवी युद्धामुळे केनियातील निर्वासित छावणीत आणि तेथून ते इकडे आले. दोन-तीन महिन्यांपासून त्यांना पोट फुगणे, गुडगुडणे आणि पातळ शौचास होणे असा त्रास आहे. मधुमेहाच्या गोळ्याही त्याच सुमारास सुरू झाल्या. मुलीने घरबसल्या लाळेची जनुकीय चाचणी मागवली. प्रौढपणी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचण्याची शक्यता कमी, असे अहवालात आले आणि तिने वडिलांचे दूध पूर्ण तोडले. आजोबा विचारतात, “जन्मभर ज्यावर जगलो ते आता मला बाधते कसे?” माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की आफ्रिकी माणसाला दूध पचतच नाही, तेव्हा अहवाल बरोबरच आहे. कुतूहलापोटी मी स्वतःचीही तीच चाचणी केली आणि निकाल तसाच आला. पण मी रोज दही, ताक आणि दोन वेळा दुधाचा चहा घेते आणि मला काहीही होत नाही. मग खरे काय मानावे? आणि आजोबांच्या नातवंडांचीही चाचणी करायला सांगावी का?’

— एक आहारतज्ज्ञ, मिनियापोलिस

उत्तर

सप्रेम नमस्कार.

त्या अहवालाच्या आधारावर आजोबांचे दूध बंद ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अहवाल खोटा आहे असा याचा अर्थ नव्हे. प्रयोगशाळेने डीएनएमधले जे अक्षर तपासायचे ठरवले होते ते तिने बहुधा बिनचूक वाचले असेल. अडचण अशी आहे की सोमाली माणसाच्या बाबतीत ते एक अक्षर वाचून दुधाविषयी फारसे काही सांगता येत नाही. ही गोष्ट संशोधकांना २००७ पासून ठाऊक आहे, आणि तरीही घरोघरी जाणाऱ्या अहवालांत ती ठळकपणे सांगितली जात नाही, याचा मला मनापासून राग येतो, कारण त्या न सांगण्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाच्या ताटातले सर्वांत जुने आणि जिव्हाळ्याचे अन्न उचलले गेले आहे.

परंतु जनुकांकडे वळण्यापूर्वी, गोळ्यांविषयी ओझरते आलेले तुमचे वाक्य तुम्ही स्वतःच पुन्हा एकदा वाचावे, अशी माझी विनंती आहे. मधुमेहात बहुधा सर्वांत आधी दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिन या औषधाने पोट फुगणे, मळमळणे आणि पातळ शौचास होणे हे त्रास पुष्कळांना होतात, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा मात्रा वाढवल्यावर. आजोबांना हीच गोळी चालू आहे का, किती मात्रेची, ती जेवणाबरोबर घेतात की उपाशीपोटी, हे आधी विचारावे. गोळी कोणीही आपल्या मनाने थांबवू नये. मात्र ती थोडथोडी वाढवत नेणे किंवा सावकाश विरघळणाऱ्या प्रकारची देणे हे पर्याय डॉक्टरांच्या हाती असतात आणि बरेचदा तेवढ्यानेच पोट ताळ्यावर येते. मधुमेह कळल्यावर घरात ‘शुगर-फ्री’ बिस्किटे आणि गोळ्या येऊ लागतात, तशा त्यांच्याकडे आल्या आहेत का, हेही पाहावे, कारण त्यांतील सॉर्बिटॉल आणि माल्टिटॉल या गोडव्यांनी पोटात नेमकी हीच लक्षणे दिसतात. जिआर्डियासारखा जंतुसंसर्ग किंवा आतड्याच्या अस्तराला इजा करणारा एखादा आजार असेल, तर दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर काही काळ कमी पडते आणि मूळ आजार बरा झाला की दूध पुन्हा पचू लागते. या वयात वजन घटत असेल, शौचावाटे रक्त जात असेल किंवा रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागत असेल, तर दुधाची चर्चा बाजूला ठेवून लगेच पुढील तपासण्या व्हायला हव्यात. सत्तर वर्षे ज्याला दुधाने काही केले नाही त्याला दोन-तीन महिन्यांपूर्वी त्रास सुरू झाला, तर जन्मजात जनुकांना दोष देणे मुळातच पटत नाही. त्यांची जनुके काही दोन-तीन महिन्यांपूर्वी बदललेली नाहीत.

आता अहवालाकडे येऊ. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. लहान आतड्याच्या अस्तरावरील लॅक्टेज हे विकर तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करते आणि मगच ती रक्तात शोषली जाते. इतर सस्तन प्राण्यांत, आणि जगातील बहुसंख्य माणसांतही, अंगावरचे दूध सुटल्यानंतर हे विकर हळूहळू कमी होत जाते. काही समाजांत मात्र ते प्रौढपणीही टिकते, आणि यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की हा फरक खुद्द लॅक्टेजच्या जनुकात नसतो. तो असतो त्या जनुकाच्या सुमारे १४,००० अक्षरे अलीकडे, एमसीएम-६ नावाच्या शेजारच्या जनुकाच्या तेराव्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनाची कृती न लिहिलेल्या मधल्या तुकड्यात. तेथे एक लहानसा पट्टा आहे आणि लॅक्टेजचे जनुक जोमाने चालू राहावे की मंदावावे, हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो. २००२ मध्ये फिनलंडमध्ये लीना पेल्टोनेन आणि इर्मा यार्वेला यांच्या गटाने दाखवून दिले की लॅक्टेज जनुकाच्या आरंभापासून मागे मोजत गेल्यास १३,९१० व्या जागी नेहमीच्या ‘सी’ऐवजी ‘टी’ हे अक्षर असलेल्या माणसांत लॅक्टेज प्रौढपणीही टिकते. आईकडून किंवा वडिलांकडून आलेल्या एका गुणसूत्रावर ते असले तरी पुरते. उत्तर युरोपात हे ‘टी’ बहुतेकांकडे सापडते, त्यामुळे तेथे या एका अक्षरावरून केलेले भाकीत सहसा खरे ठरते. घरबसल्या मागवायच्या चाचण्या साधारणपणे तेच अक्षर वाचतात. आजोबांच्या आणि तुमच्या अहवालातला ‘सी-सी’ हा निकाल म्हणजे १३,९१० व्या जागी दोन्ही गुणसूत्रांवर ‘सी’ आढळला, इतकेच.

आफ्रिकेत हा हिशेब सुरुवातीपासून जुळला नाही. तेथील दूध पिणाऱ्या कित्येक समाजांत प्रौढपणी लॅक्टेज टिकलेले दिसत होते आणि तरी १३,९१० वरचे ‘टी’ मात्र क्वचितच हाती लागत होते. हे २००४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. २००७ मध्ये सेरा टिशकॉफ यांच्या गटाने टांझानिया, केनिया आणि सुदान येथील ४७० जणांचा अभ्यास केला. लॅक्टोज दिल्यावर रक्तातील साखर किती चढते हे मोजायचे आणि त्याच माणसाच्या त्या पट्ट्यातील अक्षरे वाचायची, अशी पद्धत होती. त्यातून तीन नवे बदल समोर आले: १४,०१० व्या जागी ‘जी’ऐवजी ‘सी’, १३,९१५ व्या जागी ‘टी’ऐवजी ‘जी’ आणि १३,९०७ व्या जागी ‘सी’ऐवजी ‘जी’. त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील डॅलस स्वॅलो यांच्या गटाने सुदान आणि इथिओपियातील नमुन्यांवरून यांपैकी शेवटचे दोन बदल स्वतंत्रपणे नोंदवले. पुढे इथिओपियातूनच १४,००९ वरचा आणखी एक बदल या यादीत आला. युरोपातला बदल धरून हे पाचही जेमतेम शंभर अक्षरांच्या अंतरात येतात, म्हणजे निसर्गाने वेगवेगळ्या लोकांत, वेगवेगळ्या काळी, एकाच ठिकाणी हात घातला आहे.

यांतील प्रत्येक बदलाला स्वतःचा मुलूख आहे. १४,०१० वरचा बदल केनिया आणि टांझानियातील पशुपालकांत जोर धरून आहे, त्याचे वय २,७०० ते ६,८०० वर्षांच्या दरम्यान असावे असा अंदाज आहे, आणि गुराख्यांच्या स्थलांतराबरोबर तो थेट दक्षिण आफ्रिकेतील नामा लोकांपर्यंत पोचला. १३,९१५ वरचा बदल अरबस्तानातील बेदूंमध्ये सर्वाधिक आढळतो आणि उंट माणसाळवल्यानंतरच्या काळाशी त्याचा संबंध जोडला जातो. १३,९०७ वरचा बदल तांबड्या समुद्राच्या आफ्रिकी किनाऱ्यालगतच्या बेजा आणि अफार या लोकांत ठळक आहे. हे दोन्ही समाज कुशी भाषा बोलणारे, म्हणजे भाषेच्या नात्याने सोमालींचे भाऊबंद.

मग सोमालींमध्ये यांपैकी कोणता? या साऱ्या विषयात मला सर्वांत विलक्षण वाटणारे उत्तर येथे आहे, म्हणून थोडे थांबून सांगते. स्वॅलो यांच्या गटाने अदिस अबाबा विद्यापीठातील एंडाशॉ बेकेले यांच्या साथीने इथिओपियातील सोमाली उंटपाळांचा अभ्यास केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे सारे जगणे दुधावर, त्यांच्यात एखादा बदल भरघोस प्रमाणात सापडेल, अशी कोणाचीही अपेक्षा असती. प्रत्यक्षात त्या एकाच समाजात अनेक बदल मिळाले, अरबस्तानकडचा, बेजा-अफारांकडचा आणि युरोपात सर्रास आढळणारा सुद्धा, पण प्रत्येक अगदी थोड्या लोकांत, आणि कोणा एकाचे वर्चस्व नाही. २०१३ मध्ये इथिओपियातील अनेक समाजांवर झालेल्या कामाने हे चित्र पक्के केले: ज्यांना लॅक्टोज पचते त्यांच्यात तो पट्टा न पचणाऱ्यांपेक्षा अधिक विविध निघाला. उत्तर युरोपात एकच अक्षर वाढत वाढत सगळीकडे पसरले. आफ्रिकेच्या शिंगाच्या, म्हणजे सोमालिया-इथिओपियाच्या, प्रदेशात मात्र अनेक अक्षरे शेजारी शेजारी, एकाच वेळी वाढत राहिली. एखाद्या गावात शिरायला पाच वाटा असाव्यात, नाकेदाराने एकाच वाटेवर बसावे आणि तेथून कोणी गेले नाही म्हणून गावात कोणी आलेच नाही असे वहीत लिहावे, तसा तुमच्या आजोबांचा अहवाल आहे. उरलेल्या वाटांवर पाहिल्याशिवाय त्या नोंदीला अर्थ नाही, आणि सोमालींच्या बाबतीत तर सगळ्या वाटा माहीत झाल्या आहेत असेही नाही.

असे का घडले असावे, हे त्या मुलखाकडे पाहिले की उमगते. सोमाली प्रदेशात पावसाचे दोन हंगाम, गु आणि दैर. त्यांच्यामधला, साधारण जानेवारी ते मार्चचा, जिलाल हा काळ कोरडा आणि कठोर. त्या दिवसांत तरुण मुले उंट घेऊन चाऱ्यामागे दूर जातात, आणि विहिरींपासून लांब असताना उंटिणीचे दूध हेच त्यांचे अन्न आणि बरेचदा तेच पाणी. कित्येक दिवस पाणी न मिळालेली उंटीण दूध देत राहते. गाय ते करू शकत नाही. दूध काढणारा माणूस एका पायावर उभा राहतो, दुसरा पाय मुडपून त्याचा तळवा उभ्या पायाच्या गुडघ्यावर टेकवतो, त्या मांडीवर भांडे तोलतो आणि दोन्ही हातांनी भराभर धार काढतो. आधी पिलाला लावून पान्हा सोडवून घेतात आणि काही सड पिलासाठी राखून ठेवतात. भांडे आतून जळत्या लाकडाने धुरावलेले असते. त्यामुळे दूध टिकते आणि त्याला तो धुराचा वास येतो, जो आयुष्यभर विसरला जात नाही असे सोमाली मंडळी सांगतात. अशा जगात ज्याच्या पोटात दूध सुखाने राहते तो तगण्याची शक्यता अधिक, आणि दुष्काळात दुधाने हगवण लागून अंगातले पाणी गमावणाऱ्याची कमी. वाळवंटी पशुपालकांविषयी हा विचार १९७५ पासून मांडला जात आहे. ज्या कोणत्या अक्षराने ही सोय होते ते अक्षर अशा ठिकाणी वाढणारच, मग ते समुद्रापलीकडून आलेले असो की घरातच उपजलेले.

येथपर्यंत वाचून, सोमाली माणसाला दूध पचतेच असा उलटा निष्कर्ष कृपा करून काढू नका, कारण २००९ च्या त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. त्या उंटपाळांपैकी पुष्कळ जण श्वासाच्या चाचणीत लॅक्टोज न पचणारे ठरले, आणि तरीही दररोज अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिऊन त्यांना काही त्रास होत नव्हता. हे शक्य आहे, कारण न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात जाते आणि तेथील जिवाणू ते आंबवतात. ज्याला सवय नाही त्याच्या पोटात त्यातून वायू धरतो आणि साखरेबरोबर पाणी ओढले जाऊन शौचास पातळ होते. जो रोज दूध पितो त्याच्या आतड्यात लॅक्टोजवर वाढणाऱ्या जिवाणूंची वस्ती अशी जमते की वायू कमी सुटतो आणि लक्षणे जाणवत नाहीत. ही जमवाजमव दहा-पंधरा दिवसांच्या नियमित सेवनाने दिसू लागते, आणि दूध थांबले की ती मोडते. तुमच्या आजोबांच्या बाबतीत मला हीच काळजी वाटते. ते जर जनुकांच्या आधाराने दूध पचवणारे असतील तर दूध तोडण्याची गरज नव्हती, आणि जर जिवाणूंच्या आधाराने पचवणारे असतील तर दूध तोडून आपण त्यांचा आधारच काढून घेतला. नंतर कधी त्यांनी पेलाभर दूध घेतले आणि पोट बिघडले, तर घरचे म्हणतील की अहवाल खराच होता.

तुमच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेविषयी एका वाक्यात दिलेला निकाल तुम्ही शांतपणे पण ठामपणे खोडावा, असे मला वाटते. सुदानमध्ये १९८० च्या आसपास झालेल्या तपासण्यांत बेजा भटक्यांपैकी बहुतेकांना लॅक्टोज पचत होते, तर त्याच देशाच्या दक्षिणेतील नाईलकाठच्या समाजांत तसे लोक थोडे होते. पश्चिम आफ्रिकेतील फुलानी गुराख्यांत चक्क युरोपात आढळणारे १३,९१० वरचे ‘टी’ आहे. आणि दूध पिणे हे दूध पचवणाऱ्या जनुकांपेक्षाही जुने आहे. सुदानमधील कद्रुका येथील सुमारे ६,००० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांवरील किटणात दुधाची प्रथिने सापडल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्व आफ्रिकेतील ४१ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात १४,०१० वरचा बदल केवळ एकाच व्यक्तीत मिळाला, तोही टांझानियातील गिशिमांगेडा गुहेतल्या सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या. म्हणजे हजारो वर्षे माणसे हे बदल नसतानाही, बहुधा आंबवून आणि बेताने, दूध घेत होती. एवढ्या मोठ्या खंडाचा आणि एवढ्या लांब इतिहासाचा निवाडा रुग्णाच्या वर्णावरून करणे हे वैद्यकशास्त्रात बसत नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. गोळ्यांचा आणि गोडव्यांचा प्रश्न डॉक्टरांबरोबर निकालात निघाल्यावर, आणि पोट आठवडाभर शांत राहिल्यावर, दूध पुन्हा सुरू करावे. पण एकदम पेला भरून देऊ नये. सुरुवातीला अर्धा कप, जेवणाबरोबर, शक्य असल्यास आंबवलेल्या रूपात द्यावे. सोमाली घरांत सूसाक हे उंटिणीचे आंबवलेले दूध परिचयाचे असते, ते मिळत नसेल तर साधे दही चालेल. तीन-चार दिवसांनी थोडे वाढवावे आणि दोन-तीन आठवड्यांत नेहमीच्या प्रमाणावर यावे. एका पेल्यात, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर दुधात, साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असते, आणि लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक प्रौढांनाही एका वेळी एवढे जेवणाबरोबर सोसते. हे १२ ग्रॅम मधुमेहाच्या हिशेबात मात्र धरावे. त्याहूनही अधिक लक्ष चहाकडे द्यावे, कारण वेलदोडा-दालचिनी घातलेला सोमाली शाह भरपूर साखरेचा असतो, आणि आजोबांच्या रक्तातील साखरेला दुधापेक्षा त्याचाच भार जास्त होत असेल.

इतके करूनही त्रास राहिला तर हायड्रोजन श्वासचाचणी मागावी. उपाशीपोटी २५ किंवा ५० ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून देतात आणि श्वासातील हायड्रोजन ठरावीक वेळाने मोजतात. मूळ पातळीपेक्षा तो दहा लाखांत २० भागांनी वाढला तर लॅक्टोज पचत नाही असे धरतात. ही चाचणी कोणते अक्षर कोठे आहे हे पाहत नाही, पोटात काय घडते ते पाहते, म्हणून सोमाली रुग्णासाठी ती जनुकीय अहवालापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाची आहे. तरीही ५० ग्रॅम लॅक्टोज म्हणजे लिटरभर दुधातली साखर, रिकाम्या पोटी, एका दमात. असे दूध आजोबा कधीच पीत नसणार. म्हणून चाचणी चालू असताना त्यांना त्रास झाला का, हे आकड्याच्या शेजारी लिहून घ्यावे. अलीकडे प्रतिजैविके घेतली असल्यास चाचणी काही आठवडे पुढे ढकलावी, आणि काही माणसांच्या आतड्यातील जिवाणू हायड्रोजनऐवजी मिथेन सोडतात, तेव्हा दोन्ही वायू मोजणारे यंत्र मिळाले तर उत्तम.

मुलीने उंटिणीचे दूध हा तोडगा सुचवला तर तिला सांगा की त्यातही लॅक्टोज जवळपास गाईच्या दुधाइतकेच असते. लॅक्टोजमुळे त्रास होत असेल तर नुसते जनावर बदलून तो जाणार नाही. ते दूध आजोबांना प्रिय आहे, एवढे कारण ते देण्यास पुरेसे आहे, फक्त ते पाश्चराइज केलेले असावे, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जंतुसंसर्ग होऊ शकतो. उंटिणीच्या दुधाने मधुमेह बरा होतो म्हणून गोळ्या सोडण्याचा सल्ला त्यांना कोणी दिला असेल, तर तो मानू नये हे तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर बोलावे. आणखी एक गोष्ट. मिनेसोटाच्या लांब हिवाळ्यात, अंग झाकणारे कपडे घालणाऱ्या सावळ्या वर्णाच्या माणसांना उन्हातून ड जीवनसत्त्व फारसे मिळत नाही. अमेरिकेत बाजारातल्या बहुतेक दुधात ते घातलेले असते. दूध तोडले की कॅल्शियमबरोबर तेही जाते, आणि सत्तरीत हाडांना ते परवडणारे नाही.

तुमच्या स्वतःच्या अहवालाविषयी थोडक्यात. भारतात सापडणारा प्रमुख बदल हा युरोपातलाच, १३,९१० वरचा ‘टी’ आहे, हे २०१२ मध्ये भारतभरच्या नमुन्यांवरून दाखवले गेले. त्याचे प्रमाण वायव्येकडून आग्नेयेकडे घटत जाते आणि पशुपालक समाजांत ते वाढलेले दिसते. दक्षिणेत असूनही निलगिरीतील म्हशी पाळणाऱ्या तोडांमध्ये ते ठळक आहे. त्यामुळे तुमच्या बाबतीत तो अहवाल आजोबांच्या अहवालापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे, आणि तुमच्यात लॅक्टेज खरोखरच कमी झालेले असण्याची शक्यता बरीच आहे. तरीही दह्यातील जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात आणि उरलेला तोडायला लागणारे विकर स्वतःबरोबर आणतात, ताकात पाणी मिसळल्याने लॅक्टोज आणखी विरळ होते, तर चहाच्या कपातले दूध ते किती. तुम्हाला त्रास होत नसेल तर या निकालामुळे तुमच्या स्वयंपाकघरात काहीही बदलायला नको. कधी सणावारी बासुंदी किंवा मसाला दूध वाटीवर वाटी घेतल्यावर पोट जड झाले, तर त्याचे कारण मात्र तुम्हाला आता ठाऊक असेल.

नातवंडांची जनुकीय चाचणी करू नये. साधारण पाच वर्षांच्या आतील मुलांत हे विकर बहुधा पुरेसे असते, मग त्यांची अक्षरे कोणतीही असोत. त्या वयात दुधाने पोट बिघडत असेल तर जंतुसंसर्ग, दुधातील प्रथिनांची ॲलर्जी किंवा अस्तराचा आजार शोधावा लागतो, आणि लाळेच्या चाचणीत यांतले काहीही दिसत नाही. मोठ्या नातवंडांना त्रास नसेल तर तपासण्यासारखे काही नाही, आणि असेल तर आजोबांसाठी सांगितलेलाच क्रम त्यांनाही लागू पडतो: आधी विचारपूस, मग आहारात मोजूनमापून बदल, मग गरज पडल्यास श्वासचाचणी. पुढील भेटीत मुलीला आणि आजोबांना एकत्र बसवून, अहवालात तपासलेले १३,९१० हे एकच स्थान तुम्ही त्यांना बोटाने दाखवावे, आणि शक्य असल्यास सोमाली दुभाषी बरोबर ठेवावा, म्हणजे आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना त्यांच्या भाषेत मिळेल.